बेबी मॅडमनं बसवलेलं स्वागतगीत

बेबी इंगळेला कुणी रागीट म्हणत नसे. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यांमागच्या सरकारी प्राथमिक शाळेत ती शिकवायला होती, तेव्हा शेजारच्या पाइप कारखान्याचा चौकीदार म्हणायचा, "बेबी मैडम का गला तो कभी ऊँचा ही नहीं होता, भिया." पोरांवर तिनं कधी हात उगारला नाही. भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही. पण देवदत्त पागनीस नावाच्या माणसाचं एकदा तरी चारचौघांत नाक कापलं जावं, एवढी एक इच्छा तिनं कित्येक वर्षं जपून ठेवली होती.

त्याला कारण होतं.

कारखान्यांमागच्या गल्ल्यांत बडवानीकडून आलेली बारेला आदिवासी कुटुंबं राहतात. बाप लोडिंगवर, आया नमकीन नाहीतर प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगवर. त्यांची पोरं बेबीच्या शाळेत यायची, म्हणजे हजेरीपुरती यायची. घरी बारेली बोलायची आणि शाळेत हिंदीचं पुस्तक समोर आलं की तोंडाला कुलूप. सुरुवातीला बेबीला वाटलं, पोरं मठ्ठ आहेत. मग एकदा मधल्या सुट्टीत तिनं रायली नावाच्या मुलीला वडाखाली बाकीच्यांना गोष्ट सांगताना पाहिलं. कोल्ह्याची नक्कल करताना त्या पोरीचे हात, डोळे, भुवया सगळं बोलत होतं आणि बाकीची हसून लोळत होती. घंटा झाली. वर्गात बेबीनं तिलाच उभं केलं, "हाँ रायली, बोलो." रायली जमिनीकडं बघत उभी राहिली.

तसं उभं राहणं बेबीला ठाऊक होतं. तिचे वडील अकोल्याकडून मिलमध्ये कामाला आलेले. घरात 'मले', 'तुले' चालायचं. जुनी इंदूर भागातल्या मराठी शाळेत इंदुमतीबाईंनी तिला भर वर्गात उभं करून विचारलं होतं, "मले काय गं? मला म्हण, मला! वस्तीतली भाषा वस्तीत ठेवून यायची." वर्ग हसला होता. स्नेहसंमेलनात निवेदन करायचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्या मुलीला दिलं गेलं. त्यानंतर दहावीपर्यंत बेबी शाळेत विचारल्याशिवाय बोलली नाही. तिच्या गळ्याचा आवाज चढत नाही म्हणून लोक कौतुक करायचे, पण तो शाळेनंच बसवून टाकला होता.

मग तिनं बारेली शिकायला घेतली. रायलीची आई थावरी हिच्या झोपडीसमोर दगडावर बसून. थावरी कामावरून यायची, चूल पेटवायची आणि बेबीचे उच्चार ऐकून तोंडावर पदर घेऊन हसायची. बेबी चुकत चुकत शिकली. सकाळची प्रार्थना झाली की एक गोष्ट बारेलीत व्हायला लागली. गणितात गोट्यांऐवजी मक्याचे दाणे आले. भिंतीवर पोरांच्या आयांनी त्यांच्या पद्धतीचे घोडे काढले. आणि मग हिंदीही आली, कारण आता पोरं तोंड उघडत होती. रायली तर हिंदीत चौकीदाराशी भांडायलासुद्धा शिकली.

नेमक्या त्याच वेळी देवदत्त पागनीस शाळा बघायला आला.

त्याची शिक्षणावर काम करणारी संस्था होती. संस्थानकाळापासून कारभारात असलेलं घराणं, चार भाषांत बोलणं, पांढरा शुभ्र कुर्ता. शहरात शिक्षणावर काही चर्चा असली की देवदत्त व्यासपीठावर असायचाच. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या की नाहीत, याचा अभ्यास त्या वर्षी त्याच्या संस्थेकडं आला होता. तो वर्गात तासभर बसला, गोड हसला, पोरांबरोबर फोटो काढले. जाताना म्हणाला, "छान चाललंय तुमचं. कीप इट अप."

आठवड्यानं तो एका सभागृहात बोलला. बेबी मागच्या रांगेत बसली होती. देवदत्त म्हणाला, "माझ्या मनात काही कटुता नाही. पण मी अशी शाळा पाहिली जिथं आदिवासी मुलांना त्यांच्याच बोलीत कोंडून ठेवलंय. भिंतीवर घोडे, तोंडी लोककथा. ऐकायला रम्य वाटतं. पण ही मुलं उद्या नोकरी मागायला कुठल्या भाषेत जाणार? संस्कृती म्हणजे काही पिंजरा नव्हे. त्यांना मुख्य प्रवाहात आणा. त्यांना मोठ्या शाळेत सगळ्यांबरोबर बसू द्या."

टाळ्या पडल्या. बेबीनं हात वर केला. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगितलं.

खरं सांगायचं तर देवदत्तचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. थावरीनंही एकदा तो विचारला होता, "मैडम, बोली तो हम सिखा लेंगे. आप वो सिखाओ जो आफिस में चलती है." बेबीनं तिला उत्तर दिलं होतं, वादही घातला होता, आणि शेवटी दोघींनी मिळून काय किती शिकवायचं ते ठरवलं होतं. पण देवदत्तनं कुणाला विचारलं नव्हतं. थावरीला नाही, बेबीला नाही. तासभर बसून तो उठला आणि त्याच्या शब्दावर शाळा गेली.

पोरांची नावं मुख्य रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घातली गेली. बेबीची बदलीही तिथंच. रस्ता ट्रकांचा. निम्मी पोरं पहिल्याच महिन्यात गळाली. जी आली त्यांना मधल्या सुट्टीत, आदिवासींना तिकडं हिणवून म्हणतात तशी, हाक पडायची, "ए मामा! ए मामा, तीर-कमान कहाँ है?" एका गुरुजींनी रायलीला हिंदीचा धडा वाचायला लावला आणि तिच्या उच्चारांची नक्कल करून दाखवली. सगळा वर्ग हसला. बेबी शेजारच्या वर्गात होती, तिला ते हसणं भिंतीतून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी रायली आली नाही. बेबी गल्लीत गेली, समजावलं, रागावली, हात जोडले. रायली फक्त म्हणाली, "नी जावूं." पुढं ती प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावायला लागली आणि मग गावाकडं तिचं लग्न झालं. लग्नाचं वय व्हायच्या कितीतरी आधी.

त्या लग्नाहून परतताना बसमध्ये बेबीनं देवदत्त पागनीसच्या नावानं पहिल्यांदा उघड शिवी दिली. शेजारची बाई दचकली.

वर्षं गेली. धोरणं फिरली. आता वरून सांगणं आलं की लहान मुलांना घरच्या भाषेत शिकवा, त्यांची संस्कृती शाळेत आणा. आणि एका दुपारी मोठ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये देवदत्त पागनीस दारात उभा राहिला. कुर्ता तोच, केस पांढरे.

"इंगळे मॅडम ना? मी देवदत्त पागनीस. आपण आधी कुठं भेटलोय का?"

बेबी त्याच्याकडं बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"नाही वाटतं," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून बसला. "आम्ही कारखान्यांमागं एक बंद पडलेली इमारत घेतोय. बारेला मुलांसाठी संस्कृतिकेंद्री शाळा. त्यांची बोली, त्यांची चित्रं, गाणी. शहरातला असा पहिला प्रयोग. लोक म्हणाले, त्या वस्तीत तुमचा शब्द चालतो. उद्घाटनाला आयांचं एक स्वागतगीत हवंय. अस्सल. जनजातीय विभागाच्या किराडे मॅडम प्रमुख पाहुण्या आहेत."

"पहिला प्रयोग," बेबी म्हणाली.

"अगदी! कुणी केलाच नाही हो आजवर."

बेबीच्या हातातला खडू मोडला. पण तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला. "बसवते मी गाणं. तुम्ही काळजी करू नका."

घरी तिनं धाकट्या भावाला, भूषणला, सगळं सांगितलं. दोघं एकत्र राहायचे. भूषण म्हणाला, "ताई, छोड ना. शाळा तर होतेय. पोरांचं भलं होतंय, तुझं काय जातं?"

"रायलीचं जे गेलं ते."

"त्याला आठवतही नाही म्हणतेस."

"तेच तर," बेबी म्हणाली. "आठवलं असतं, मान खाली घातली असती, तर कदाचित सोडला असता मी."

भूषणनं ताईचा चेहरा पाहिला. ताईच्या डोळ्यांत असली चमक त्यानं आजवर पाहिली नव्हती.

रविवारी ती थावरीकडं गेली. थावरी आता आजी झाली होती, पण पॅकिंगला अजून जात होती. बेबीनं नाव सांगितलं तसा तिचा चुलीतलं लाकूड सारणारा हात थांबला.

"वही? फोटू वाला?"

"वही."

थावरीनं ते लाकूड चुलीत आत ढकललं. मग म्हणाली, "मैडम, हमारे में ब्याह में समधी को गाली गाते हैं. मालूम है ना? जितनी गाली, उतना मान. और समधी को हँसना पड़ता है. बुरा मान ही नहीं सकता."

बेबीला माहीत होतं. रायलीच्या लग्नात तिनंच ती ऐकली होती. व्याह्याच्या मिशीपासून म्हशीपर्यंत कशालाही सोडत नाहीत, आणि व्याही बिचारा मान डोलावत बसतो.

"तो आने दो समधी को," थावरी म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

पुढचे रविवार बेबीच्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे गेले, असं म्हणायला हरकत नाही. गोदामामागच्या मोकळ्या जागेत बायका जमायच्या. प्रत्येकीला काहीतरी म्हणायचं होतं. एकीचा मुलगा ट्रकच्या भीतीनं शाळा सोडून बसलेला. एकीच्या मुलीला 'मामा' म्हणून दगड मारलेला. प्रत्येकीची ओळ गाण्यात बसवली गेली. बेबी चाल मोजायची, कडवी पुढंमागं करायची, आणि एखादी ओळ मिळमिळीत वाटली की म्हणायची, "नहीं, इसमें दाँत नहीं हैं. और तेज लाओ." मवाळ बेबी मॅडमच्या तोंडून हे ऐकून बायकांना आणखी चेव यायचा. देवदत्त एकदा तालीम बघायला आला. ढोल वाजत होता, बायका गात होत्या, त्यात त्याला आपलं नाव ऐकू आलं. तो हरखला. "माझं नाव घेतलंय का? अरे वा!" थावरीनं हात जोडून मान लववली.

उद्घाटनाला मांडव होता, खुर्च्या होत्या, शहरातले पत्रकार होते. आयांना नव्या साड्या नेसवून एका बाजूला उभं केलं होतं. त्यांच्यापैकी कुणाला शाळेच्या समितीत घेतलं होतं का, असं बेबीनं सहज विचारलं, तर संस्थेची मुलगी म्हणाली, "त्यांचा सहभाग गाण्यात आहे ना."

किराडे मॅडम आल्या. साधी कॉटनची साडी, घाईत असल्यासारखी चाल. देवदत्तनं भाषण केलं. संस्कृती ही मुळं असतात, आम्ही समाजाला त्याची मुळं परत देतोय, वगैरे. मग ढोलावर थाप पडली.

त्या गाण्याचा अर्थ साधारण असा होता:

पाहुणा आला गं, पांढरा कुर्ता घालून आला,
आमच्या पोरांची शाळा खाल्ली, ढेकर देत आला.
देवदत्ता रे, आमच्या बोलीला तू पिंजरा म्हणालास,
आता तोच पिंजरा रंगवून आम्हालाच द्यायला आलास.
गाढवावर उलटा बसला, शेपटीला लगाम म्हणतो,
ज्या घराचं दार यानंच तोडलं, तिथं तोरण बांधतो.
हस रे व्याह्या, हस, तुझे दात मोजायचे आहेत.

आपलं नाव आलं की देवदत्त टाळ्या वाजवायचा. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा तो उठून ढोलाच्या तालावर पावलं टाकायला लागला. फोटोवाले पुढं सरसावले. बायकांच्या आवाजाला धार चढली. बेबी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिची नजर किराडे मॅडमवर होती. मॅडमनी पहिल्या ओळीला कपाळाला आठी घातली. दुसऱ्या ओळीला फोन खाली ठेवला. गाढवापाशी त्यांनी रुमाल तोंडाला लावला. त्या बारेलाच होत्या. देवदत्तनं त्यांना पुष्पगुच्छ दिला होता, पण त्यांचं गाव कुठलं, हे विचारलं नव्हतं.

गाणं संपलं. किराडे मॅडमनी माइक घेतला.

"पागनीसजी, आपने तो इस बोली पर काम किया है. गीत का अर्थ सबको बताइए ना."

देवदत्त क्षणभर अडखळला. पण वक्ता माणूस, सावरला. "यह अतिथि के सत्कार का गीत है. इसमें प्रकृति का, पशुधन का, घर के द्वार का बड़ा सुंदर वर्णन है..."

बायकांमधून एक फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच. थावरीला तर उभं राहवेना, ती ढोलवाल्याच्या खांद्याला धरून हसत होती.

"पशु तो है," किराडे मॅडम म्हणाल्या. "गधा है." आणि त्यांनी एकेक ओळ हिंदीत करून सांगितली. शांतपणे, वर्गात धडा समजावल्यासारखी. मांडवात आधी हशा झाला, मग हशा विरला, आणि शेवटच्या ओळीला कुणीच हसलं नाही. देवदत्तचे हात टाळीच्या जागीच राहिले होते. बेबीनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. तो रंग उतरताना तिला पूर्ण बघायचा होता, आणि तिनं तो पाहिला.

व्यासपीठावरून खाली आल्यावर तो सरळ तिच्याकडं आला. "मॅडम, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"इथून जवळ एक शाळा होती. भिंतीवर घोडे होते. तुम्ही तासभर बसला होतात."

तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. मग त्याला आठवलं असावं, कारण त्याचे डोळे बदलले. "ती... पण मी ते शैक्षणिक भूमिकेतून बोललो होतो. तेव्हाची समज तशी होती. वैयक्तिक काही नव्हतं."

"माझं वैयक्तिक होतं," बेबी म्हणाली आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

त्या दिवशी घरी येताना तिनं भूषणसाठी आणि स्वतःसाठी गरम कचोऱ्या आणल्या. ती गुणगुणत होती. तिला कसलाही पश्चात्ताप झाला नाही, हे इथं स्पष्ट लिहिलेलं बरं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. देवदत्तच्या संस्थेनं त्या प्रयोगातून अंग काढून घेतलं. इमारतीला कुलूप लागलं. नव्या सत्रात पोरं गल्लीतच खेळत राहिली. एका संध्याकाळी थावरी बेबीच्या दारात आली. तिला बसायला सांगितलं तर बसली नाही.

"मैडम, गाना तो जोरदार हुआ. बदला हो गया. अब स्कूल का क्या?"

तिनं त्या पांढऱ्या कुर्त्यापलीकडचा विचारच केला नव्हता.

ती किराडे मॅडमच्या कार्यालयात जाऊ लागली. पहिल्यांदा भेट झाली नाही, दुसऱ्यांदाही नाही. पुढं भेट झाली तेव्हा मॅडमनी चहा मागवला आणि सरळ विचारलं. मराठी त्यांना समजायची, बोलायच्या हिंदीत. "बेबीजी, मैं हिंदी आश्रमशाला में पढ़ी. बारेली बोलने पर वहाँ मार पड़ती थी. इसीलिए आज इस कुर्सी पर हूँ. ईमान से बताइए, बारेली में पढ़ती तो यहाँ होती?"

"मला नाही माहीत," बेबी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "पण मॅडम, तुम्ही एकट्या इथं पोहोचलात. तुमच्या वर्गातल्या बाकीच्या मुली कुठं आहेत?"

किराडे मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दो बारेला लड़कियाँ हैं, बी.एड. कर चुकी हैं. अतिथि शिक्षक रख सकते हैं. पर हिंदी और गणित में ढील मिली तो मैं खुद बंद कराऊँगी. और समिति में माताएँ बैठेंगी."

"थावरी बसेल," बेबी म्हणाली. "ती तुम्हालाही सोडायची नाही."

कुलूप उघडायला त्यानंतरही बरेच महिने गेले. पण उघडलं. शाळा आता सरकारी आहे, नावाची पाटी लहान आहे, आणि समितीच्या बैठकीत थावरी इतके प्रश्न विचारते की त्या दोन तरुण शिक्षिका आदल्या दिवशीच धास्तावतात. किती बारेली आणि किती हिंदी, यावर तिथं अजून भांडणं होतात. एका आईनं आपलं पोर काढून इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा बेबीनं तिला अडवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात राजेंद्रनगरला एका लग्नात देवदत्त पागनीस तिला भेटला. तो आता भोपाळला असतो, तिथंही भाषणं देतो. तिला पाहून तो गर्दीतून मुद्दाम आला, हात जोडले. "इंगळे मॅडम, ऐकलं मी, शाळा चांगली चाललीय. मनापासून आनंद झाला. झालं गेलं आता सोडून देऊ या."

बेबीच्या एका हातात ताट होतं, दुसऱ्या हाताला श्रीखंड लागलं होतं.

"तुम्ही सोडा," ती म्हणाली. "मला अजून जमत नाहीये."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग कुणीतरी त्याला फोटोसाठी बोलावलं आणि तो गेला. बेबीनं वाढप्याला हाक मारून आणखी दोन पुऱ्या मागून घेतल्या.